कोपऱ्यातलं बोट

तो कॅमेरा आला त्या दिवसापासूनच माझ्या डोक्यात गेला होता. खोका फोडला तर आत कॅमेरा कमी आणि पुठ्ठाच जास्त. साबणाच्या वडीएवढी चंदेरी वस्तू, आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'नवशिक्यांसाठी आणि हौशी मंडळींसाठी'. स्वस्तातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर हेच असतं. ज्याला काही येत नाही त्याच्या गळ्यात काहीही मारावं, असा कंपन्यांचा समज असतो. मी ग्राहकांसाठीच्या एका मासिकाकरता वस्तू तपासते. कॅमेरे, इस्त्र्या, वजनकाटे, जे येईल ते. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. पण अंगण खरोखरच वाकडं आहे की काय, हे कुणीतरी मोजायला नको का? ते मी मोजते.

नवशिक्यांच्या वस्तूंसाठी आमच्याकडे एक नियम आहे. वस्तू खऱ्याखुऱ्या नवशिक्याच्या हातात आठवडाभर द्यायची आणि तपासणाऱ्याने त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. बटण कुठलं ते सांगायचं नाही, "अगं, असं नाही" म्हणायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही. तो अडला तर अडू द्यायचा. संध्याकाळी त्याने काढलेले फोटो बघायचे, आपल्याशी टिपून ठेवायचे आणि गप्प राहायचं. या नियमाला सगळ्यात जास्त शिव्या मीच घालते, आणि पंचाईत अशी की तो मीच करून घेतला आहे. एका बैठकीत मी तावातावाने म्हटलं होतं की वीस-वीस वर्षं कॅमेरे हाताळलेली माणसं 'नवशिक्यांना सोपा' असं लिहितात, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. संपादकबाईंनी ते तिथल्या तिथे उचलून धरलं. तेव्हापासून दर वेळी मी मिठाची गुळणी धरून बसते.

या खेपेला नवशिक्या शोधायला बाहेर जायचा मला कंटाळा आला होता. आधी बाबांना विचारलं. ते पाणीखात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस. त्यांनी माहितीपुस्तिका चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि कॅमेरा काही चालू केला नाही. "आधी समजून घेऊ दे," म्हणाले. आई तर लांबूनच म्हणाली, "मला नको बाई ते. बिघडलं तर तू माझ्या नावाने बोंब मारशील." उरली धाकटी.

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती महिन्याभरापूर्वी एक बॅग घेऊन माहेरी आली होती आणि ती बॅग अजून तिने नीट उघडलीही नव्हती. का आलीस, तर "आले". भांडण झालं का, तर "नाही". परत कधी जाणार, तर "बघू". तिचा नवरा येत्या रविवारी तिला न्यायला येणार होता. आई-बाबांच्या मते ती त्याच्याबरोबर गेली की विषय संपला. माझ्या लग्नाच्या बाबतीत त्यांनी केव्हाच हात टेकले होते, त्यामुळे या घरातला एकुलता एक संसार तो धाकटीचा, आणि तो मोडू द्यायचा नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. तिला काय हवंय हे कुणालाच कळत नव्हतं, आणि ते सांगायला तिच्याकडे रविवारपर्यंतचाच वेळ होता. मला तिचा राग येत होता. चाळिशीला टेकलेल्या बाईने स्वतःबद्दल एक वाक्य बोलू नये म्हणजे काय?

"हा कॅमेरा आठवडाभर वापरशील?" मी विचारलं.

"चालेल," ती म्हणाली. तिला सगळंच चालायचं.

जावईबापूंत नाव ठेवायला जागा नव्हती, हीच तर अडचण होती. दारू नाही, आवाज चढवणं नाही, पगार वेळेवर घरी. लिफ्टची तपासणी करणं ही त्याची नोकरी. आई त्याच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. "भांड्याला भांडं लागायचंच," ती म्हणायची. "आणि दगडापेक्षा वीट मऊ. तुमची मावसबहीण बघ, तिच्या नशिबी दगडच आला." धाकटी हे ऐकून मान हलवायची आणि कांदा चिरत राहायची.

पहिल्या दिवशी तिने कॅमेरा हातात घेतला तो दोन्ही हातांच्या बोटांनी कडेकडेने, गरम भांडं धरावं तसा. चालू करायचं बटण शोधायला तिला इतका वेळ लागला की माझ्या नाकी नऊ आले. ते बटण भिंगावरच्या सरकत्या झाकणाच्या कडेला, नखाएवढं, कुणाला दिसू नये असंच बसवलेलं. मी नुसता एक सुस्कारा सोडला. लगेच तिने कॅमेरा माझ्यापुढे धरला. "घे, तूच कर."

मी हात पाठीमागे घेतले. "नियम आहे," म्हटलं.

"मग नीट झालं नाही तर?"

यावरही बोलायची मला बंदी होती. मी नुसती बघत राहिले आणि ती पुन्हा त्या बटणाकडे वळली. त्या दिवशी हे असं सारखं होत होतं. मी खुर्चीत जरा हलले, खाकरले, चष्मा काढला, की तिचा हात कॅमेऱ्यासकट माझ्याकडे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे आई म्हणाली, "सांग की तिला बिचारीला. एवढं काय ते." मी आईला नियम समजावून सांगितला. आईने तो ऐकला आणि म्हणाली, "मग पगार कशाचा घेतेस?"

संध्याकाळी फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात गुलाबी ढग. तिचं बोट. भिंग कडेला इतकं खेटून बसवलंय की डाव्या हाताची तर्जनी हमखास त्याच्यासमोर यावी, आणि मागचा पडदा असा की खिडकीजवळ गेलं की काही दिसू नये. दोष कॅमेऱ्याचाच होता आणि तो सापडल्याचा आनंदही मला झाला होता. पण सख्ख्या बहिणीला "बोट मागे घे" एवढे तीन शब्द सांगता येऊ नयेत, हे फार होतं. ते शब्द दिवसभर माझ्या जिभेवर येऊन बसत होते. जेवताना मी ते पाण्याबरोबर गिळले.

विषय म्हणाल तर आठवडाभरात तिने काढले काय? माणूस नवा कॅमेरा हातात आला की फुलं काढतो, लहान मुलं काढतो. हिने बरण्यांची झाकणं काढली. दोरीवरचे मोजे काढले. खुर्चीत झोपलेल्या बाबांचा एक कान, नुसता कान. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याचं दुकान, तेही तो दुकानात नसताना, वाफेने ओल्या झालेल्या काचेसकट. इमारतीतल्या सगळ्यांच्या दारांपुढची पायपुसणी. हे असले फोटो मासिकात छापायचे कसे, या विचाराने मी हैराण झाले.

त्यात त्या कॅमेऱ्याची मिजास काय वर्णावी. 'समोरचा हसला की आपोआप फोटो' अशी एक सोय त्यात होती आणि खोक्यावर तिची केवढी जाहिरात. धाकटीला ती सोय आपसूकच सापडली. तिने बाबांसमोर कॅमेरा धरला. बाबा हसले तर काही नाही, आणि जांभई दिली तर धडाधड चार फोटो. पुस्तिका हातात असल्यामुळे बाबांनी ताबडतोब पान काढून दाखवलं की यात जांभईचा उल्लेख नाही. धाकटी हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसत होती. पण ती कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे त्या शहाण्या यंत्राला त्याचा पत्ताच नव्हता.

आठवडा मध्यावर आला तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिने कॅमेरा माझ्यापुढे धरणं बंद केलं होतं. मी सुस्कारा टाकला, तरी तिचं लक्ष नसायचं. झाकणाशी झगडायची, चुकायची, पुन्हा करायची. एकदा चुकून कॅमेऱ्याचा दिवाच चमकला तर स्वतःशीच "अच्छा, असं होय" म्हणाली आणि तो कसा बंद करायचा ते धुंडाळत बसली. मी मदत केली असती तर क्षणात झालं असतं. तिने त्यात सबंध दुपार घातली आणि चहाला आली तेव्हा एखादं काम फत्ते करून आल्यासारखी बसली.

फोटोंतलं बोटही नाहीसं झालं होतं. बुधवारचे आणि गुरुवारचे फोटो स्वच्छ. मी खूश झाले. 'नवशिक्या आपणहून शिकतो,' असं लिहूनही ठेवलं. आणि शुक्रवारी बोट परत हजर. सगळ्यांत नाही, काहींतच. पण होतं, चांगलं जाडजूड, पहिल्यापेक्षाही आतपर्यंत. शनिवारी तेच. शिकलेलं दोन दिवसांत विसरणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आदलं वाक्य खोडलं आणि रागारागाने दुसरं लिहिलं, की या कॅमेऱ्याची घडणच अशी आहे की शिकलेलाही पुन्हा चुकतो.

रविवारी सकाळी आईने धाकटीची बॅग स्वतःच्या हाताने भरली आणि दारापाशी नेऊन ठेवली. धाकटीने ते बघितलं. कॅमेरा घेऊन खिडकीशी बसली.

जावईबापू वेळेवर आले. बिस्किटांचा मोठा पुडा आईच्या हातात दिला आणि बूट काढता काढता म्हणाले, "बाबा, तुमच्या लिफ्टचं दार उशिरा मिटतंय. लेखी तक्रार करा, नुसतं सांगून उपयोग नाही." आई माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की बघ, याला म्हणतात लक्ष. मग तो धाकटीजवळ जाऊन बसला. तब्येतीची चौकशी केली. चांगल्या मनाने केली, हेही सांगायला हवं. तो माणूस वाईट नव्हता. आणि एक सांगते, त्याला बघितलं की मला जरा चोरट्यासारखं व्हायचं, कारण आम्हा दोघांचंही पोट दुसऱ्यांच्या चुकांवर चालतं.

"हे काय, ताईंनी कामाला लावलं वाटतं तुला," तो हसत म्हणाला. "बघू." आणि कॅमेरा तिच्या हातातून त्याच्या हातात गेला. तिने दिला असं मला दिसलं नाही आणि त्याने ओढला असंही नाही. सवयीचं काम असतं तसं ते झालं.

तो फोटो बघायला लागला. एक बघितला, दुसरा बघितला. "अगं, प्रत्येकात बोट? लक्ष कुठे असतं तुझं?" पुढचा बघितला. "आणि हे पायपुसण्यांचे कशाला? हा कान कुणाचा?" बाबांनी नकळत कानाला हात लावला. "थांब, चांगले तेवढे ठेवतो, बाकीचा कचरा काढून टाकतो. तुला बरं पडेल." आणि त्याने पुसायचं बटण दाबलं. ते बटण अगदी अंगठ्याखालीच येतं, चुकून फोटो पुसले जातील असं मी सोमवारीच टिपलं होतं; हा मात्र चुकून पुसत नव्हता. एकदा टिक, पुन्हा टिक. माझ्या आठवडाभराच्या तपासणीचा पुरावा माझ्या डोळ्यांदेखत चालला होता.

मी उठलेच. "अहो, थांबा जरा—"

"ताई, तू बोलायचं नाहीस," धाकटी म्हणाली. "तुझा नियम आहे ना."

"नियम कॅमेऱ्यापुरता आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. तरी गप्प बस."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला गप्प बसवलं होतं. मी बसले.

ती नवऱ्याकडे वळली. "ते बोट मला मंगळवारीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग काढलं का नाहीस?"

"काढलं. दोन दिवस काढलं, जमतंय ते बघितलं. मग परत ठेवलं. ज्या फोटोंत मला हवं होतं त्यांत."

"बोट? हवं कशाला?"

"फोटो कुणी काढला ते कळावं म्हणून."

तो हसला. खवचटपणे नाही, लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसा. "असं नसतं गं करायचं. बघ इकडे, मी दाखवतो कसा धरायचा."

धाकटीने हात पुढे केला. "दे तो इकडे," ती म्हणाली.

तो थोडा गोंधळला. मग त्याने कॅमेरा तिच्या हातावर ठेवला. तिने तो मांडीवर घेतला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. "मी येत नाहीये," ती म्हणाली.

"आज नाही?"

"आज नाही. नंतरही नाही."

आईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग तिचा तोल गेला. "अगं, बोटावरून कुणी घर मोडतं का? चार लोक ऐकतील तर काय म्हणतील?"

"बोटावरून नाही, आई." धाकटी आता थांबत नव्हती. "मी भाजी चिरायला घेतली की सुरी तो घेतो. मी चादर घातली की तो काढून परत घालतो. कुणाला पत्र लिहिलं की तेही तो पुन्हा लिहितो, नि मी खाली सही करते. आणि सगळं माझ्यापेक्षा चांगलं करतो, तेही खरं आहे. कधी रागावला नाही. अकरा वर्षं नुसतं हातातून काढून घेतो आणि नीट करून देतो. आता माझ्या हाताला काही उचलायचीच भीती वाटते. या आठवड्यात पहिल्यांदा एक वस्तू माझ्या हातात राहिली. मी चुकले तरी राहिली."

"मी तुझ्या भल्यासाठीच करतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून रागही आला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच मला कुणाला सांगता येईना."

मला बोलायला पुष्कळ सुचत होतं, पण तिने मला गप्प बसायला सांगितलं होतं. शेवटी हलले ते बाबा. आठवडाभर हातात असलेली ती पुस्तिका त्यांनी मिटून टेबलावर ठेवली, दारापाशी गेले, धाकटीची बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत आले आणि जावयाला म्हणाले, "चहा घेऊन जा."

त्याने चहा घेतला. जाताना लिफ्टने न जाता जिन्याने उतरला. आई दार लावून आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. तांदूळ आदल्याच दिवशी निवडून झाले होते.

मी कॅमेऱ्यातले फोटो बघितले. त्याच्या मते जे चांगले, तेवढेच उरले होते: मोजे, बरण्या, इस्त्रीवाल्याची काच. बाबांचा कान गेला होता. पायपुसणी गेली होती. "पुसलेले परत काढता येतात," मी धाकटीला म्हटलं. "कार्डावर नवीन काही साठवलं नाही तर माझ्या संगणकावर निघतील. काढून देऊ?"

"नको," ती म्हणाली. "पायपुसणी कुठे जातायत? मी पुन्हा काढीन."

कॅमेरा घेऊन ती जिन्यात गेली. आली तेव्हा दिवे लागले होते. माझ्यासमोर बसली, कॅमेरा टेबलावर ठेवला. "आठवडा संपला ना? आता तुला बोलता येईल."

"येईल."

"मग सांग. काय काय चुकलं?"

सात दिवसांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, कोपरं अंगाला टेकवली की हात कसा हलत नाही, पायपुसणी काढायचीच असतील तर निदान वाकून काढायची. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती, आणि हात जरासे मागे सरकलेही होते.

"चालू करायचं बटण फार बारीक आहे," मी म्हटलं. "भिंग कडेला खेटलंय. उन्हात पडदा दिसत नाही. पुसायचं बटण नको तिथे आहे. जांभईला तो हसू समजतो."

"आणि माझं?"

"मी कॅमेरा तपासत होते," मी म्हटलं.